पिझ्झाच्या पिठातली साखर आणि ‘फसवणूक’

नमस्कार. माझ्या पिझ्झाच्या पिठाच्या कृतीवर तुम्ही लिहिलंत, “पिठात साखर घालायला सांगता म्हणजे तुमचं स्टार्टर मेलेलं आहे. ही वाचकांची फसवणूक आहे. माझा पिझ्झा पांढराफटक आणि चपटा झाला.” (स्टार्टर म्हणजे पीठ फुगवणारं, पीठ-पाण्याचं आंबवण.) कृती चुकली म्हणा, ऐकून घेईन. फसवणूक हा शब्द मात्र मी ऐकून घेणार नाही. नऊ वर्षं दर आठवड्याला हे पीठ मळतोय.

एक मान्य. ‘दोन छोटे चमचे साखर’ हे माप ढोबळ होतं. 500 ग्रॅम मैद्याला 10 ग्रॅम, अशी दुरुस्ती केली आहे.

नेपल्सच्या पिझ्झाचे नियम ठरवणारी संस्था 1984 सालची. तिच्या पिठात साखर नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथे लाकडाची भट्टी 430 अंशांच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. तुमचा ओटीजी, म्हणजे घरचा विजेचा ओव्हन, 250 ला थांबतो. तिथे सात-आठ मिनिटं जातात, कडा वाळून कडक होते तरी रंग चढत नाही.

रंग येतो पिठातली मोकळी साखर आणि प्रथिनं तापल्यावर. स्टार्टरमधले यीस्ट आणि जिवाणू हीच साखर खातात, शिवाय आंबटपणा वाढला की रंग आणखी मंदावतो. म्हणजे तुमचं निदान नेमकं उलटं आहे: पांढरा पिझ्झा बहुतेक वेळा स्टार्टर जोरात चालल्याचा पुरावा असतो. त्यात आपला गहू कोरड्या हवेत कापला जातो, त्यामुळे स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स त्यात कमी. परदेशी पिठांत अनेकदा गिरणीतच माल्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याची, ही एन्झाइम्स असलेली पूड) मिसळतात, आपल्या मैद्यात सहसा नाही. ती तूट या 10 ग्रॅमनी भरते. यात लपवण्यासारखं काय आहे?

चपटेपणाचं कारण तर तुम्हीच लिहिलंय: पीठ रात्रभर ओट्यावर होतं. 32 अंशांत, 100 ग्रॅम स्टार्टर घालून! कृतीत ‘दीडपट झालं की फ्रिज’ हे ठळक अक्षरांत आहे. इतकं आंबलेलं पीठ उचलताना ताणत नाही, बोटांना चिकटून ओल्या लगद्यासारखं तुटतं, आणि मग त्यात हवा कोंडून राहत नाही.

ऑलिव्ह तेल महाग आहे, फोटो अंधारे आहेत, या तुमच्या बाकीच्या तक्रारींवर मी वेळ घालवणार नाही.

उन्हाळ्यात स्टार्टर 50 ग्रॅमच घ्या, पाणी 325, मीठ 12. मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा सरळ बाजूंच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि पातळीवर रबरबँड लावा. तो दीडपट चढला की सगळं पीठ 24 तास फ्रिजमध्ये, लाटण्याआधी नव्हे, थापण्याआधी दोन तास बाहेर. बिनदांड्याचा लोखंडी तवा ओटीजीत उलटा ठेवून 45 मिनिटं तापवा, त्यावर पिझ्झा भाजा आणि भाजण्याची शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवा. एवढं करूनही कडा तांबूस झाली नाही तर जरूर लिहा, पण शब्द जपून वापरा.