स्टॉक प्लगिन? छे, आपली इज्जत काय राहील!

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने आधीच भरून दिलेले इफेक्ट असतात, तेच स्टॉक प्लगिन. ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारा), डिले, लिमिटर. त्यांना चुकूनही हात लावू नका. पिकतं तिथं विकत नाही, हे आम्हा संत्र्याच्या गावातल्यांना कोणी शिकवायला नको.

त्यातून एफएल स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर विषयच संपला. ईक्यूचं नाव काय, तर 'फ्रुटी पॅरामेट्रिक ईक्यू २'. फ्रुटी! नळी लावून प्यायची वस्तू. सात बँड, म्हणजे सुरांचे सात पट्टे, आहेत, आवाज कुठे फुगलाय ते रंगात दिसतं, सगळं कबूल. पण गायकाचे मामा मागे खुर्चीवर बसलेले असताना पडद्यावर फ्रुटी उघडायची? त्यापेक्षा कुठल्यातरी ग्रुपवरून पन्नास हजारांचं प्लगिन फुकटात उतरवा. सोबतच्या फाइलीत लिहिलेलं असतं, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. करा. चोर इतक्या अदबीनं दार उघडं ठेवा म्हणतोय, तर ठेवावं.

प्रीसेटचं, म्हणजे तयार सेटिंगचं, नाव वाचा. ऐकायची गरज नाही.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावा. ढोलकी हॉलमध्ये, कोरस चर्चमध्ये, टाळ बाथरूममध्ये. एकच रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या सामाईक वाटेवर, ठेवून सगळ्यांना त्यातलं थोडं थोडं दिलं, तर सगळे एका खोलीत बसून गाताहेत असं वाटेल. तसं काहून वाटावं?

आणि रेकॉर्डिंग मे महिन्यातच करा. दुपारी, गच्चीखालच्या खोलीत, पारा 45 वर असताना, कूलर फुल ठेवून. नंतर प्लगिन आहेच.

परवा मारबतीच्या, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या आमच्या नागपूरच्या पुतळ्याच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी असंच एक गणपतीचं गाणं माझ्याकडे मिक्सिंगला आलं. मुलाचा गळा चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या गळ्यावर अकरा प्लगिन! त्यातले सहा माझ्या मशीनवर उघडलेच नाहीत, कारण ते माझ्याकडे नाहीत, आणि खरं तर त्याच्याकडेही नाहीत. सोबत आलेले वापरले असते तर माझ्या एफएलमध्ये जसेच्या तसे उघडले असते. उरलेल्या पाचांत तीन कॉम्प्रेसर, एकामागे एक, रांगेत. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग सगळंच वर उचलता येतं. सगळंच म्हणजे दोन ओळींमधली जागासुद्धा. आणि त्या जागेत कोण बसलंय? कूलर. गायक श्वास घ्यायला थांबला की कूलर गातो. त्यावर उपाय म्हणून यानं गेट, म्हणजे आवाज हळू झाला की दार लावणारं प्लगिन, लावलेला, त्यामुळे कूलर प्रत्येक ओळीसोबत येतो आणि ओळ संपली की खटकन जातो. कोरस केल्यासारखा.

म्हटलं, बाबा, रात्री कूलर बंद करून एकदा परत गा. तर म्हणतो, "प्लगिननं नाही होत का भाऊ?"

मी अकराच्या अकरा काढले. फ्रुटीनं 90 हर्ट्झखालची जाड घरघर कापली, 300 च्या आसपासचा घोगरेपणा थोडा उतरवला. सोबत आलेला एकच कॉम्प्रेसर, तीनास एक प्रमाणात दाबणारा. सेंडवर एक रिव्हर्ब. दोन रात्री गेल्या. कूलर पूर्ण गेला नाही, पण शब्द समोर आले. मुलगा खूश. "मस्त वाजते ना भाऊ! कोणतं प्लगिन?" मी सांगितलं, सॉफ्टवेअरसोबत आलेलं. लग्नात साधं वरण वाढल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

घरी जाऊन त्यानं काय केलं? माझ्या मिक्सवर साउंडगुडायझर नावाचं प्लगिन. ए, बी, सी, डी अशी चार बटणं आणि एक गोल खुंटी. खुंटी शेवटपर्यंत पिळली आणि यूट्यूबवर टाकून मोकळा. मजा बघा, हा साउंडगुडायझरही एफएलसोबतच आलेला, आतून एफएलचाच मोठा कॉम्प्रेसर मॅक्सिमस! स्टॉकची लाज वाटणाऱ्याला हा बरोबर सापडला, कारण याच्यात विचार करावा लागत नाही. ढोलकीचा पत्रा झाला. आणि साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) वर गेलेलं गाणं यूट्यूब स्वतःच खाली ओढतं. म्हणजे मिळालं काय? फाटलेलं गाणं, तेही हळू आवाजात. ती खुंटी घेऊन जा गे मारबत!

अबे, अकरा प्लगिन लावायला तुला तीन दिवस मिळाले, डोळे मिटून एकदा गाणं ऐकायला पाच मिनिटं नाही मिळाली? कॉम्प्रेसर कुठल्या पातळीपासून दाबतो, ते थ्रेशोल्ड माहीत नाही आणि चोरीचा कॉम्प्रेसर पाहिजे! फुकट, सरळ मार्गानं मिळालेली वस्तू आधी नीट वापरून तर बघ. ज्यांनी ती बनवली ते काही मूर्ख नव्हते. कान तुझे आहेत ना? की तेही ग्रुपवरून उतरवणार?

आणि गाण्याखाली 'मिक्सिंग' म्हणून माझं नाव टाकलंस, ते आजच्या आज काढ. राहिलेले पंधराशे मग दे.