डॉक्टर, येता येता बघून जाल का?

"डॉक्टर, येता येता जरा आईला बघून जाल का? तुमच्या वाटेवरच आहे." नाशकात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, हे वाक्य त्याला पाठ असेल. क्लिनिक गंगापूर रोडला, घर इंदिरानगरला आणि आई पंचवटीत. वाट कोणती, हे मात्र विचारायचं नसतं. मध्ये मुंबई नाक्याची ट्रॅफिक लागली की पुढचे पेशंट क्लिनिकमध्ये ताटकळणार, तेही कुणी धरत नाही.

मी घरी जाऊन पेशंट बघतो, म्हणजे व्हिजिट करतो, आणि आवडीने करतो. माझं म्हणणं एवढंच, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ती ओपीडी आहे. ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या फीमध्ये व्हावी. येता येता होऊ नये आणि धावतपळतही होऊ नये.

धावतपळत म्हणजे काय, सांगतो. रात्री फोन येतो, "बाबांच्या छातीत दुखतंय, दरदरून घाम आलाय, लगेच या." मी जात नाही. १०८ लावा, नाहीतर शेजाऱ्याची गाडी काढा, पण हॉस्पिटल गाठा, असं सांगतो. लोकांना राग येतो. अहो, माझ्या बॅगेत ईसीजीचं मशीन आहे, पण बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची सोय नाही. माझी वाट बघण्यात घालवलेला अर्धा तास बाबांच्या हृदयाला महागात पडतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तरी तेच. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तेही सीटी स्कॅन बघूनच.

व्हिजिटचं खरं काम वेगळंच आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे जिने बघितलेत ना? अंधारे, उभे, धरायला वरून सोडलेला दोर. तिथल्या एका आजींना दर तपासणीला चौघं जण खुर्चीत बसवून खाली उतरवायचे. त्या जीव मुठीत धरून बसलेल्या. मग बीपी चढलेलं निघायचं आणि गोळी वाढायची. घरी त्यांच्या खाटेवर, चहा झाल्यावर निवांत मोजलं, तर उलट कमीच! उशाशी बिस्किटाचा जुना डबा होता. तो चादरीवर ओतला. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची एकच गोळी, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. आजी दोन्ही घेत होत्या, इमानेइतबारे. उठताना चक्कर का येते, याचं उत्तर त्या डब्यात होतं. क्लिनिकमध्ये माझ्यासमोर फक्त फाईल येते, डबा येत नाही.

दुसऱ्या एका घरी सूनबाई ठामपणे सांगत होत्या, "मीठ अगदी बंद केलंय हो." आजोबांचे पाय सुजलेले, आणि खाटेखाली उडदाच्या पापडांचा डबा. पापडात मीठ असतंच, वर पापडखारातूनही सोडियम जातं. इन्सुलिन तर मी कितीतरी घरांत फ्रीजरमध्ये बघितलंय. एकदा गोठलं की ते फेकूनच द्यायचं.

हे सगळं बघायला वेळ लागतो. त्यात शेजारच्या काकू "आलाच आहात तर माझंही बीपी बघा" म्हणून बाही सरसावून उभ्या असतात. (बघतो. नाही कसं म्हणणार?) पण "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका" याला मात्र मी नाहीच म्हणतो. ज्यांना तोंडाने पिता येतं त्यांना पाणी पाजा. कमजोर हृदयाच्या म्हाताऱ्या माणसाला उगाच चढवलेली बाटली फुप्फुसात पाणी साचवू शकते.

फीवरून घासाघीस होते, ती लोकांच्या कंजुषीपायी होते असं मला वाटत नाही. पैशाची आपली व्यवस्थाच खाटेभोवती बांधलेली आहे, पण हॉस्पिटलच्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच मिळालं. चांगलंच झालं. पण ते ॲडमिट झाल्यावर. ओपीडी त्यात नाही, मग घरी येणारा डॉक्टर कुठून असणार? आजी पडून खुब्याचं हाड मोडलं की खर्च मिळेल. पडू नयेत म्हणून गोळी कमी करायला येणाऱ्याची फी मात्र मुलाच्या खिशातून.

आणि एक अप्रिय विषय. घरी मृत्यू झाला की अनोळखी डॉक्टरकडे धाव घेतली जाते, "फक्त सर्टिफिकेट द्या, हवे तेवढे पैसे घ्या." ज्याने आजारपणात पेशंटला बघितलंच नाही, तो मृत्यूचं कारण कशाच्या आधारावर लिहिणार? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरने हे प्रमाणपत्र फी न घेता द्यायचं असतं. पण त्यासाठी उपचार करणारा डॉक्टर असावा तर लागतो ना!

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवशी पंचवटीत आणि जुन्या नाशकात गाडी आत घेणं अवघड होणार, हे २०१५ बघितलेल्यांना सांगायला नको. घरात कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी, ऑक्सिजन असलेलं माणूस असेल, तर कॅथेटर बदलायची तारीख पर्वणीच्या आधीची घ्या आणि औषधं पंधरा दिवसांची आणून ठेवा. आपल्या डॉक्टरला फोन दिवसा करा. आणि फी आधीच विचारून घ्या, आम्हालाही नंतर सांगताना अवघडल्यासारखं होतं.