फावडं, थंडी आणि ‘शाळेतलं पोर’

सप्रेम नमस्कार,

बिघडलेल्या हवामानात झाडांवर आणि लॉनवर कोणते रोग, कोणत्या किडी वाढतात, या माझ्या लेखावर आपण टोपणनावाने प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी प्रत्येक रोगाचं खापर हवामानावर फोडतो, खरं कारण बहुतेक वेळा चुकीचं पाणी आणि अति खत हे असतं, भुरीबद्दल (पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीबद्दल) मी ढोबळ लिहिलं, ‘एक कडक हिवाळा आला की कीड साफ होते, हे शाळेतलं पोरही सांगेल’, आणि वर ‘घरबसल्या लिहिणाऱ्यांनी आधी हातात फावडं धरावं.’

फावड्यापासूनच सुरुवात करू. लॉन लावणं आणि राखणं यावरच माझं घर चाललंय. वडिलांची रोपवाटिका होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी शेणखताच्या पाट्या वाहिल्या आहेत, हातावरचे घट्टे अजून गेलेले नाहीत. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण ज्याला ओळखत नाही त्याच्या कष्टांवर बोट ठेवायचं, तेही नाव लपवून, याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं. समोरासमोर असतो तर आपली जीभ अशी रेटली नसती, एवढं नक्की.

भुरीचं मान्य. ‘ओल वाढली की बुरशी वाढते’ असं लिहिताना भुरीला वेगळं काढायला हवं होतं. तिला दमट हवा आणि कोरडं पान मानवतं; पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू उलट नीट रुजत नाहीत. झालं समाधान? एका ओळीवरून अख्खा लेख ढोबळ ठरत नाही.

आता ते शाळेतलं पोर.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली राहणारा एक भुंगेरा आहे. त्याच्या अळ्या थंडी वाढत जाते तसं अंगात ग्लिसरॉल साठवतात, त्यामुळे शरीरातलं पाणी सहज गोठत नाही. भर हिवाळ्यात त्यांना मारायचं तर पारा उणे ३५ ते ४० अंशांवर काही दिवस सलग राहावा लागतो. तीच अळी हिवाळा सुरू होण्याआधी, ग्लिसरॉल पुरेसं साठलेलं नसताना, उणे २५ च्या आसपासही मरते. तिथले हिवाळे सौम्य झाले आणि १९९० च्या दशकापासून या किडीने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोहोचवली. आपण म्हणाल, मग थंडीने मरतेच की! मरते. पण कोणत्या दिवसांत पडलेल्या, किती दिवस टिकलेल्या थंडीने? आपल्या वाक्यात यातलं काय होतं? ‘कडक’ हा एक शब्द.

पुढे ऐका. बर्फ पडतो तिथे मातीतल्या आणि बुंध्याच्या तळाशी दडलेल्या किडीला तो बर्फच ऊब देतो. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, तर माती गोठते त्या थराच्याही खाली उतरून बसते. आणि जमीन गोठायच्या आत बर्फ पडून महिना-दोन महिने तसाच राहिला, तर त्याच्याखाली शून्याच्या आसपास लॉनवर बुरशी वाढते. बर्फ वितळला की करड्या किंवा गुलाबी कडेचे गोल चट्टे दिसतात. तुमच्या कडक हिवाळ्याने दिलेली भेट! शिवाय अवेळी गारठ्याने साल तडकते आणि त्या चिरेतून खोड सडवणारी बुरशी आत शिरते, ते वेगळंच.

पाणी, खत, छाटणी हे आपले बाकीचे मुद्दे निगेचे आहेत. त्यावर मी पूर्वी लिहिलंय, इथे त्यात शिरत नाही. एकच सांगतो. हुमणीची अंडी कोरड्या मातीत सुकून मरतात. त्यामुळे पावसाने ओढ दिलेल्या वर्षी आजूबाजूला सगळं वाळलेलं असताना ज्याने लॉन भिजवत ठेवलं, त्याच्याच लॉनमध्ये भुंगेरे अंडी घालायला उतरतात. (हो, पाण्याचा मुद्दा आपला होता, माझ्या लक्षात आलंय. पण पाऊस वेळेवर पडला असता तर भुंगेरे सगळ्या शिवारात विखुरले असते, म्हणजे गाडी हवामानावरच आली.)

आणि ‘यंदा तर पाऊस बरा झाला, मग झाड का वाळतंय’ हा जो टोमणा आहे, त्याचं उत्तर लेखाच्या पहिल्याच भागात होतं, वाचलं असतंत तर दिसलं असतं. दुष्काळात झाडाचा डिंक आटतो, खोडात शिरणाऱ्या किडीला बाहेर लोटायची ताकद जाते. मध्य युरोपात २०१८ च्या कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यानंतर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची जंगलं सालीखालच्या भुंगेऱ्यांनी पुढची काही वर्षं पोखरली. दुष्काळ संपल्यावर दोन-तीन वर्षांनीही शेंडा वाळू शकतो. साल जवळून बघा, एका बाजूला सपाट आणि दुसरीकडे गोलाई असलेली बारीक भोकं दिसली तर कीड केव्हाच पोसून बाहेर पडलेली आहे.

राहता राहिला आपल्या लॉनवरचा पिवळा पट्टा, ज्यासाठी मला ‘पुस्तकी’ ठरवलंत. कडेचं गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजीसारखं उचकटून आलं आणि खाली अर्धवर्तुळात वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली तर हुमणी. मुळं घट्ट असतील आणि पहाटे पात्यांवर जाळीदार पांढरट तंतू दिसत असतील तर बुरशी. रात्रीही पारा २० अंशांखाली उतरत नाही आणि पातं दहा-दहा तास ओलं राहतं तेव्हा ती झपाट्याने पसरते. फावडं आपल्याकडे असेलच. काय निघालं ते कळवा, फक्त या खेपेला नाव लिहून.