‘बारा मुलाखती घ्या आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या कोर्सवर्कची नवी तुकडी आली की दोन आठवड्यांत तो मेसेज माझ्या फोनवर येतोच. मूळ कुणी लिहिला देव जाणे, पण पुण्यातल्या मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांमध्ये तो चांगलाच फिरलाय. मजकूर थोडक्यात असा: कंपनीतल्या माणसांवर संशोधन करायचंय आणि स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते? मग गुणात्मक संशोधन करा. एक, आकडेमोड नाही, त्यामुळे सोपं. दोन, बारा मुलाखती पुरतात. तीन, केस स्टडी, एथ्नोग्राफी, ग्राउंडेड थिअरी ही नुसती नावं; मुलाखती सगळीकडे त्याच, नाव शेवटी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, लिहिताना टाका. चार, एचआरला गाठा, माणसं ते देतात. पाच, एकाच कंपनीवर काम करू नका, ते कुणाला लागू पडत नाही, तीन-चार घ्या. सहा, कोडिंग, म्हणजे उताऱ्यांतल्या मजकुराला अर्थाची लेबलं लावणं, सॉफ्टवेअर करतं.

परवा एका विद्यार्थिनीने हाच मेसेज प्रिंट काढून, पिवळा हायलायटर मारून माझ्यासमोर ठेवला. तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू. मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यावर प्रबंध केला, आणि या सहापैकी निदान दोन चुका मी स्वतः मन लावून केल्या आहेत.

‘सोपं’ या शब्दावर फार वेळ घालवत नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला मला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. मागे प्रेस मशीनचा दणका, बोलणारा परभणीचा, मधेच हिंदी, मधेच सुपरवायझरची नक्कल. राहता राहिली आकड्यांची भीती. आपल्या पुण्याला पाहण्यांची जुनी सवय आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये छापले गेले. पुढे रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पुण्यातल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास केला, तो १९६३ मध्ये पुस्तकरूपाने आला. ‘किती जण’, ‘कुठल्या थरातले’ असे प्रश्न असतील तर असंच मोजावं लागतं. प्रश्न ‘किती’चा असताना आकड्यांना घाबरून मुलाखती घेत सुटलात, तर शेवटी ‘बहुतेकांना असं वाटतं’ अशी वाक्यं लिहाल. तेही आकडेच झाले, फक्त वाईट आकडे.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण खरी गाडी तिथेच रुळावरून घसरते. नाव शेवटी टाका म्हणे! एक विषय घ्या: बाळंतपणाच्या रजेवरून हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत परत येणाऱ्या बायका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही कायद्यात आहे. आता यात तुम्हाला जाणून काय घ्यायचंय?

परत येणं त्या बाईला आतून कसं जाणवतं, हे हवं असेल तर तो फिनॉमेनॉलॉजीचा प्रश्न. मग भेटायचं फक्त त्या अनुभवातून गेलेल्या बायकांना, आणि तेही दोन-दोन, तीन-तीनदा. मॅनेजरची मुलाखत इथे कितीही रंगली तरी कामाची नाही. पाळणाघराचं धोरण त्या एका कंपनीत कागदावरून जमिनीवर कसं उतरलं, हे हवं असेल तर ती केस स्टडी. मग एचआर, मॅनेजर, पाळणाघरातल्या ताई, परिपत्रकं, हजेरीचे आकडे, सगळं पाहिजे. परत आल्यावर चांगलं काम हळूहळू दुसऱ्याकडे कसं सरकतं, हे हवं असेल तर मुलाखतीत ते सापडणं कठीण, कारण सरकवणाऱ्यालाच पुष्कळदा ते कळलेलं नसतं. रोज सकाळच्या मीटिंगला कोपऱ्यात बसावं लागेल, महिनोन्‌महिने. ती झाली एथ्नोग्राफी. आणि बाई मॅनेजरशी घासाघीस करत स्वतःची जागा परत कशी मिळवते, त्या सगळ्या प्रक्रियेची उपपत्तीच मांडायची असेल तर ग्राउंडेड थिअरी.

म्हणजे कुणाला भेटायचं, कितीदा, कागद मागायचे की नाही, हे पहिल्या मुलाखतीच्या आधीच बदललं. ग्राउंडेड थिअरीत तर पाचवी मुलाखत कुणाची घ्यायची हे पहिल्या चार वाचून, कोड करून ठरतं. बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून सामग्री गोळा करणं आणि विश्लेषण हातात हात घालून चालणं हा तिचा कणा आहे. पुढे त्या दोघांचंही आपसांत बिनसलं, ती गोष्ट वेगळी. दिवाळीच्या सुट्टीत चाळीस मुलाखती उरकायच्या आणि मार्चमध्ये त्याला ग्राउंडेड थिअरी म्हणायचं, हे मी आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, बैठकीत पाहिलंय. आपण भाजी चिरून ठेवतो आणि पाहुणे आल्यावर ठरवतो उसळ करायची की भरीत, तसलाच प्रकार.

आता बारा. हा आकडा हवेतून आलेला नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडणं जरा अवघड आहे. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक लेख लिहिला. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती त्यांच्याकडे होत्या. नवे कोड कधी यायचे थांबतात हे त्यांनी तपासलं, तेव्हा बहुतेक सगळं पहिल्या बारांत येऊन गेलेलं दिसलं. पण त्या स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या गटातल्या होत्या, सगळ्यांना प्रश्नही साधारण तेच होते, आणि ही अट लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलीय. मेसेज बनवणाऱ्याने अट गाळली, आकडा ठेवला. चाकणच्या एका शेडमध्ये कायम कामगार, कंत्राटी, ट्रेनी, सुपरवायझर, मेंटेनन्सवाले असे पाच गट मला पहिल्याच आठवड्यात दिसले. कँटीनमध्ये ते एका टेबलावर बसतसुद्धा नाहीत. बारा भागिले पाच, हिशोब तुम्हीच करा. उलट एका माणसाची कारकीर्द कथनातून समजून घ्यायची असेल तर बाराही जास्त होतील.

चौथा मुद्दा, एचआर माणसं देतात. देतात ना! मलाही दिली. अकरा. कॉन्फरन्स रूम, एसी, कपबशीत चहा, आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेला एचआरचा मुलगा: “मी काही बोलणार नाही हं, मॅडम.” माझा विषय होता निअर-मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, आणि त्याची नोंद. अकराच्या अकरा जणांनी सांगितलं, असं काही झालं की आम्ही लगेच कार्ड भरतो. दोघांनी तर भिंतीवरची पाटी असावी तसं, अगदी त्याच शब्दांत. मी खूष. सॅच्युरेशन आलं, म्हणजे आता नवं काही निघणार नाही, म्हणून गाईडना फोनही केला.

गाईडनी एवढंच विचारलं, “कार्डं बघितलीस?”

फाईल मागवली. दर महिन्याची कार्डं, तारखा २६, २७, २८. एकच निळं पेन, एकच वळण. मजकूर: ‘फ्लोअरवर तेल सांडले होते.’ पुढच्या महिन्यात, फ्लोअरवर तेल सांडले होते. त्याच्याही पुढच्या महिन्यात तेल सांडलेलंच. प्रत्येक लाईनला महिन्याला पाच कार्डांचं टार्गेट होतं, हे मला त्या अकराजणांपैकी कुणीही सांगितलेलं नव्हतं. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत, त्या कपबशीसमोर, तेच उत्तर बरोबर होतं.

तिथे माझा आराखडा मोडला. नवी परवानगी काढली, तीन महिने दुसऱ्या शिफ्टला शेडमध्ये बसले, कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागले. सहाव्या की सातव्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एक लाईन लीडर डबा बाजूला सारून कार्डं भरत होता. मी म्हटलं, “दादा, नेहमी तेलच का हो?” तो मान वर न करता म्हणाला, “तेल लिवलं की कुनाचं नाव येत नाही, मॅडम.”

प्रेसमधून हात जेमतेम बाहेर आला, असं लिहिलं तर कुणाचा हात ते लिहावं लागतं. हात कंत्राटी पोराचा असेल तर नाव ठेकेदाराकडे जातं, आणि सोमवारी त्या जागी दुसरा पोरगा. म्हणून तसं झालं की ते ‘चालवून घ्यायचं’. हा शब्द मग मला सगळीकडे ऐकू यायला लागला. अकरा मुलाखतींत तो एकदाही आला नव्हता.

कुठली लाईन, कुठली शिफ्ट, हे प्रबंधात नाही आणि इथेही लिहिणार नाही. संमतीपत्राचंही असंच. संशोधनाच्या नीतिसमितीला छापील अर्जावर सही हवी, आणि ज्याला सहीमुळेच एकदा नोकरी सोडावी लागली तो माणूस विचारणार, “सही कशाला?” तोंडी संमती रेकॉर्ड करायची मुभा मिळवायला मला दोन बैठका लागल्या. हे सगळं आराखड्यातच बसतं, नंतरची कारकुनी नव्हे.

पाचवा मुद्दा ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो: एका कंपनीवरून काय कळणार? शिकागोजवळच्या सिसेरोत, वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा माणसांची एक खोली काही महिने न्याहाळली गेली. टेलिफोन एक्स्चेंजचे भाग जोडणारे कामगार. एक निरीक्षक खोलीत बसायचा, मुलाखत घेणारा बाहेरचा. गटाच्या उत्पादनावर पगार वाढेल अशी योजना होती, तरी दिवसाला किती काम ‘योग्य’ हे त्या पोरांनीच ठरवलेलं. जास्त वेगाने हात चालवणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. आणि नोंदीत रोजचं काम सारखंच दिसेल असं सांगितलं जायचं: जास्त झालं तर थोडं राखून ठेवायचं, कमी झालं तर त्यातलं दाखवायचं. ते वाचताना मला आमचं तेल आठवलं. चौदा माणसं, नव्वद वर्षांपूर्वीची, तीही परदेशातली.

यावरून चाकणमधल्या इतक्या टक्के कंपन्यांत असं घडतं, असं मला म्हणता येत नाही, म्हणायचंही नाही. नोंदीलाच टार्गेट लावलं आणि नाव येण्याची किंमत एकाच बाजूला पडली, तर नोंदवहीत बिननावाच्या गोष्टी भरतात, एवढं म्हणता येतं. मग कुणी ते एखाद्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन तपासावं, खोडून काढावं. मायकेल बुरावॉय १९७४ मध्ये शिकागोकडच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला लागला, आणि नंतर त्याला कळलं की तीस वर्षांपूर्वी डोनाल्ड रॉय त्याच कारखान्यात राबून अभ्यास करून गेला होता. दोघांनी मिळून कारखाना एकच; त्यावर आजही वाद चालतात.

तीन-चार कंपन्या जरूर घ्याव्यात, पण फरकासाठी. माझ्याकडे वेळ असता तर मी कार्डांचं टार्गेट नसलेला एक कारखाना घेतला असता. भोसरीत एक, रांजणगावला एक, तळेगावला एक, कारण तिथे काका ओळखीचे आहेत, याला तुलना म्हणत नाहीत. त्याने तीन कॉन्फरन्स रूम बघून होतात.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही, मीही वापरलं. शोधायला, मोजायला, रंग द्यायला बरं पडतं. पण मी उतारे इंग्रजीत करून भरले होते, आणि ‘चालवून घेणं’ कुठे ‘अ‍ॅडजस्ट’ झालं होतं, कुठे ‘टॉलरेट’, एके ठिकाणी तर ‘मॅनेज’. तीन वेगळे कोड, तीन वेगळ्या फांद्या. मराठी उतारे पुन्हा काढून, जमिनीवर कागद पसरून बसले तेव्हा ते एकच निघालं. व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, याला इंग्रजीत एकच शब्द नाही का हो? मी नाही म्हटलं. त्यांनी क्षणभर विचार करून मान डोलावली. प्रबंधात तो शब्द देवनागरीतच आहे, खाली सात ओळींची तळटीप देऊन.