कटिंगच्या ग्लासातली बिअर

आमच्या घरी ३३० मिलीची बिअरची एक बाटली चौघांत पुरते. कधीकधी उरते. रविवारी दुपारी, मासे तळायला टाकायच्या आधी, मी, नवरा, लेक आणि जावई असे चौघे ओट्यापाशी उभे राहून कटिंग चहाच्या ग्लासातून ती चाखतो. मुलगा एकोणीसचा आहे. महाराष्ट्रात बिअरला एकवीस पूर्ण लागतात, म्हणून त्याच्या ग्लासात कोकम सोडा. सासूबाई पीत नाहीत, पण ग्लास पहिल्यांदा त्यांच्याच हातात जातो. का ते पुढे सांगते.

मागे मी या ग्लासांचा फोटो शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, आणि दहा मिनिटांत एका वर्गबंधूचा मेसेज आला, 'तू पण??' दोन प्रश्नचिन्हं. हेच गृहस्थ गटारीच्या आधी चार दिवस रोज गटारात पडलेल्या माणसाची चित्रं पाठवत होते. त्यावर आम्हा बायकांनीसुद्धा हसण्याच्या इमोजी टाकल्या होत्या, मीही टाकली होती. त्याच अमावास्येला आमच्या सासूबाई घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. दिव्यांची अवस ती. तिचं गटारी कधी झालं आणि आपण सगळ्यांनी ते इतक्या प्रेमाने कसं मान्य केलं, हे मला कळलेलं नाही. पुरुषाने महिनाभराची एका रात्रीत ढोसली तर तो विनोद, आणि बाईने पाऊण कप चव घेतली तर दोन प्रश्नचिन्हं.

त्याला उत्तर दिलं नाही. इथे देते, जरा लांबण लागेल.

मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. संपाआधी बाबा पीतच नव्हते असं नाही. पगाराच्या दिवशी प्यायचे. संपानंतर पगाराचा दिवसच उरला नाही, मग कुठलाही दिवस चालायला लागला. लाकडी जिन्यावर पाऊल कसं पडतंय ते ऐकून आई ठरवायची, ताट वाढायचं की आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवायचं. त्या वर्षांत अडीच लाख माणसं घरी बसली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या मजल्यावरच्या अकरा खोल्यांपैकी सात मला आठवतात.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा लक्षात आली. बाबांना दारू आवडायची नाही. म्हणजे तिची चव आवडायची नाही. एकदा मी दाराआडून पाहिलं होतं. त्यांनी तोंड वाकडं करून एका दमात ग्लास रिकामा केला, वर मीठ चाटलं आणि डोळे घट्ट मिटून बसले. चव लागू नये यासाठीच सगळी धडपड. पुढे मी लग्नांत, पिकनिकांत, ऑफिसच्या पार्ट्यांत पुरुषांना पिताना पाहिलं, तेव्हाही हेच. कोणी म्हणत नाही की याची चव कशी आहे. विचारतात, 'चढली का?' आपल्या दुकानांत स्ट्राँग बिअरचा खप जास्त असतो तो उगीच नाही.

त्यामुळे लेकीने पहिल्या पगारातून आम्हाला लोअर परळला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी 'नको' म्हणाले. मग गेले. मथुरादास मिल कंपाउंड. मुंबईतलं पहिलं ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवून देणारा बार, याच आवारात निघालं, बार्किंग डीअर नावाचं, म्हणजे आपलं भेकर. आम्ही गेलो ते दुसरं. बाबांची गिरणी ही नव्हती, पण त्याने फारसा फरक पडला नाही. विटांच्या भिंती मुद्दाम उघड्या ठेवलेल्या, आणि काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. वेटरने लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आणून ठेवले, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. मी लिंबू सोडा मागवला. लेकीचा चेहरा पडला, ते मला दिसलं. मी नुसता एक ग्लास उचलून नाकाशी नेला. तो वास नव्हता. एवढंच झालं त्या दिवशी.

घरात बिअर आली ती डोंबिवलीहून. माझ्या डोक्यात डोंबिवली म्हणजे फडके रोडवरची दिवाळी पहाट आणि संध्याकाळी लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं. तिथे कोणी गव्हाची बिअर बनवतं, हे जावयाने बाटली टेबलावर ठेवेपर्यंत मला माहीत नव्हतं. गेटवे ब्रुइंगची व्हाइट झेन. आम्ही मुलुंडचे, म्हणजे जवळजवळ गावचीच म्हणायची. दुधाळ, गढूळ रंग. मोठा ग्लास घरात होता, पण माझा हात कटिंगच्या ग्लासांकडे गेला. मोठ्या ग्लासात मला ती नको होती.

सासूबाई ऐंशीच्या, रत्नागिरीच्या. त्यांनी ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "केळं घातलंय यात. शिकरणाचं केळं, अगदी पिकलेलं. आणि लवंग." जावई गालात हसला. त्याने लेबल वाचून दाखवलं, केळं नाही आणि लवंगही नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ग्लासही सोडला नाही.

रात्री जावयाचाच फोन आला. "आजींना सांगा, त्या बरोबर होत्या." या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधलं यीस्ट आंबताना आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा पदार्थ तयार करतं, आणि पिकल्या केळ्याला वास येतो तो त्याचाच. लवंगेसारखा वासही यीस्टच देतं. बिअरबद्दल चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला जे लेबल वाचून कळलं नाही, ते आयुष्यभर फोडणीवर उभ्या राहिलेल्या बाईला वासावरून कळलं. तेव्हापासून पहिला ग्लास त्यांचा. पुढे एकदा बेल्जियन पद्धतीची पांढरी बिअर आणली, त्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "धने भरडून घातलेत." खरंच घातलेले असतात, संत्र्याची सालही असते.

बिअर कशी करतात हे मीच त्यांना वाचून दाखवलं. सातू भिजवायचा, मोड आणायचे, मोड वाढायच्या आत वाळवायचा, भाजायचा, भरडायचा, मग गरम पाण्यात ठेवायचा म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. "म्हणजे नाचणीसत्त्वच की," त्या म्हणाल्या, "फक्त पुढे वाया घालवलं." बिअरला कडूपणा देणारे हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातली वेल आहे असं सांगितल्यावर मात्र त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "मग महादेवाला चालत असेल."

आता घरात एक वही आहे. खरं तर ती त्यांचीच, लोणच्यांच्या प्रमाणांची. मागच्या पानांवरून उलटं लिहीत आलोय. काही नोंदी अशा (आयपीए म्हणजे जास्त हॉप्सची कडू बिअर):

'डोंबिवली. गहू. केळं, लवंग, शेवटी जरा आंबूस. ओल्या बोंबलाबरोबर छान.'

'काळी. थालीपिठाची भाजणी एक मिनिट जास्त भाजली गेली तर येतो तो वास. कॉफी नाही तरी कॉफी. गोड नाही. जावयांना आवडली.'

'आयपीए. कारल्याच्या काचऱ्या, पण वरून संत्र्याची साल सोलल्यासारखी. दुसऱ्या घोटाला बरी. मी घेतली नाही, फक्त वास.' हे शेवटचं वाक्य सासूबाईंच्या अक्षरात. त्या प्रत्येक नोंदीखाली लिहितात, पुरावा म्हणून.

मला या सगळ्यातलं आवडलंय ते हे, की घरात चवीबद्दल भांडण होतं. कडू की कडसर, खरपूस की करपट, तुरट की आंबूस. खरपूस आणि करपट यांच्यात तव्यावरचं जेमतेम एक मिनिट असतं, आणि आपल्याकडे दोन्हीला स्वतंत्र शब्द आहेत. असे शब्द असताना ब्रूपबच्या मेन्यूत मला पॅशनफ्रूट आणि पाइनचं जंगल का वाचायला लागतं? मी मुलुंडची बाई, पाइनच्या जंगलात कधी गेले नाही. पण कैरी देठाशी मोडल्यावर चिकाचा वास कसा येतो ते मला माहीत आहे, आणि एका आयपीएमध्ये तो मला सापडला. तोही कुणीतरी मेन्यूत लिहावा. एका ग्लासाला चार-पाचशे रुपये घेता, तेवढं करा. आणि हापूसची बिअर मात्र काढू नका. दोन महिने मिळणारं फळ, ते बुडवायचं कशाला?

आयपीएची गंमत अशी की नावातला 'आय' म्हणजे आपणच. इंडिया पेल एल. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, त्याआधी इंग्लंडहून निघालेली पिंपं आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी इथल्या बंदरांत उतरायची. जास्त हॉप्स घातलेली बिअर त्या प्रवासात टिकायची. ती प्यायचे गोरे साहेब. आमच्यापर्यंत पोचायला दीडशे वर्षं लागली.

असंच दुसरं नाव डूलाली. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली, देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यांपैकी एक, नंतर मुंबईत आली. मला वाटलं काहीतरी परदेशी. ती निघाली नाशिकजवळची देवळाली! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे, त्यांची डोकी फिरायची, आणि इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्द आला. टॅप म्हणजे ताप. आपलाच ताप. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या आत्त्या देवळालीला होत्या, त्यांचं डोकं ठीक होतं."

आता मुद्द्याचं. दारू बरी असते असं मी म्हणत नाहीये. माझ्याकडे दारू पिण्याचा आजीवन परवाना आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, आणि त्याप्रमाणे आपण सगळे आरोग्य राखण्यासाठी पितो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. दोघांपैकी मला संघटनेचं खरं वाटतं. म्हणून मी हिशोब ठेवते. ३३० मिलीत ५ टक्के म्हणजे साडेसोळा मिली अल्कोहोल, चौघांत प्रत्येकी चार मिलीच्या आसपास. ६५० मिलीच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत ५२ मिली असतं, आणि ती माणूस एकटा पितो, वर दुसरी मागवतो. चार मिलीही शून्य नाही, हे मला कळतं. ज्यांच्या घरात कोणी दारू सोडलेली आहे, त्यांनी हे कटिंगचं खूळ अजिबात आणू नये. बाबा असते तर माझ्याही घरात ही बाटली आली नसती.

नवरा सुधारलाय असंही समजू नका. वर्षातून तीन-चारदा तो मित्रांबरोबर 'बसतो', व्हिस्कीला, आणि दुसऱ्या दिवशी लिंबूपाणी मागतो. ते मी थांबवू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर आता प्रयत्नही सोडला. फरक एवढाच की गेल्या वेळी आल्यावर मी विचारलं, "कशी होती?" तो बराच वेळ विचार करत उभा राहिला, चपला हातात. मग म्हणाला, "आठवत नाही गं."

त्या वर्गबंधूला मी रविवारी घरी बोलावणार आहे, बायकोसकट. पण आत्ता नाही. श्रावण लागलाय आणि सासूबाई पाळतात, म्हणून आम्हीही पाळतो. मग गणपती. अनंत चतुर्दशीला ड्राय डे. फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागे काळ्या बिअरची एक बाटली आडवी पडलीय. आयपीए असती तर थांबून उपयोग नव्हता, हॉप्सचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरायला लागतो. काळी थांबते. तरी मी तारीख बघून ठेवलीय, नोव्हेंबरची आहे. आणि सासूबाईंनी सांगितलंय, आडवी नको, उभी ठेव, लोणच्याची बरणी कोणी आडवी ठेवतं का?