पुस्तक अडलं की दोष तळमळीला का?

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला पाच-सहा जणांकडून आला. शब्द दर वेळी थोडे वेगळे, सांगणं तेच: "ज्याला खरंच लिहायचं असतं त्याला वेळ मिळतोच. आत आग असेल तर पुस्तक स्वतःच स्वतःला लिहून घेतं. फक्त 21 दिवस रोज लिहा, सवय लागेल. आणि पुस्तक लिहितोय हे आजच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे मागे फिरता येणार नाही. एवढं करूनही अडलात, तर समजा ते पुस्तक तुमचं नव्हतंच."

पाठवणाऱ्यांत माझी एक मैत्रीण होती. तिचं पुस्तक 140 पानांवर थांबलंय. मजकुराखाली तिने स्वतःची एक ओळ जोडली होती, "बहुधा माझं असंच असावं." मी ती 140 पानं वाचली आहेत. चांगली आहेत. तिची ती ओळ मला सहन झाली नाही, म्हणून या मजकुरातलं एकेक विधान घेऊन उत्तर लिहायला बसले.

"ज्याला खरंच लिहायचं असतं त्याला वेळ मिळतोच."

मिळत नाही. या मुद्द्यावर एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. टपाल खात्यातली नोकरी वर्षानुवर्षं सांभाळत त्यांनी लिहिलं, आयुष्यभरात 47 कादंबऱ्या झाल्या. पहाटे साडेपाचला मेजाशी बसायचे, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द. हे सगळं खरं आहे. पण त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलेली आणखी एक गोष्ट पुढे पाठवताना गळून जाते. त्यांना पहाटे उठवून कॉफी आणून देणारा एक जुना नोकर होता, आणि तेवढ्या कामासाठी त्याला वर्षाला 5 पौंड जादा मिळत. म्हणजे लेखक अंधारात उठायचा त्याच्या आधी दुसरं कुणीतरी उठलेलं असायचं. आपल्या यशात या माणसाचा वाटा कदाचित सगळ्यात मोठा असेल, असं ट्रोलपनी मोकळेपणाने कबूल केलंय.

ज्या घरात तान्हं मूल आहे किंवा कुणीतरी अंथरुणाला खिळलंय, तिथल्या लिहिणाऱ्या माणसाला वेळ मिळत नाही तो तळमळ कमी आहे म्हणून नव्हे. त्याच्या वाट्याचं काम करायला दुसरे हात नसतात. अशा माणसाला "खरंच हवं असतं तर मिळाला असता" असं ऐकवणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.

त्याऐवजी त्याला हिशोब सांगावा. आठवड्यातून चार दिवस, दर दिवशी 250 शब्द, म्हणजे आठवड्याला 1000 आणि वर्षाला 52,000. साठ हजार शब्दांचा कच्चा खर्डा साधारण चौदा महिन्यांत हातात येतो. हा वेग कुणाला सांगण्यासारखा नाही, पण कुणाला लाजण्यासारखाही नाही.

शिवाय वेळ हाती आला म्हणून लक्ष हाती येतंच असं नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो. दोन कामांच्या फटीत सापडलेला अर्धा तास लिहिण्यासाठी अर्धा तास नसतोच. त्यातली पहिली पंधरा मिनिटं "कुठे होतो आपण?" यातच जातात. मी त्यावर एकच उपाय करते. उठण्याआधी शेवटच्या ओळीखाली साध्या भाषेत लिहून ठेवते, "आता इथून ती पत्र उघडते, पण वाचत नाही. का वाचत नाही ते ठरव." दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी प्रश्न समोर येतो, आणि प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं.

"आत आग असेल तर पुस्तक स्वतःच स्वतःला लिहून घेतं."

दोस्तोएव्स्कींच्या आत आग कमी होती असं कुणी म्हणणार नाही. 1866 च्या सप्टेंबर अखेरीस त्यांची अवस्था काय होती ते पाहा. प्रकाशकाशी करार झालेला. 1 नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं ते जे लिहितील ते प्रकाशक फुकट छापणार. आणि ती कादंबरी सुरूही झालेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये लघुलेखन जाणणारी एक तरुणी मदतीला आली. दोस्तोएव्स्की सांगत गेले, ती उतरवून घेत गेली, आणि 26 दिवसांत कादंबरी पूर्ण झाली. आग आधीही होती. नव्याने आली ती तारीख, आणि रोज ठरलेल्या वेळी येऊन "पुढे?" म्हणून बसणारं माणूस. अशा जीवघेण्या कराराची शिफारस मी कुणाला करणार नाही. पण आग एकटी काय करते आणि काय करत नाही, ते या एका महिन्यात स्पष्ट दिसतं.

ठरवून लिहिलं की लेखन कोरडं होतं, कल्पना आटतात, अशी भीती या विधानामागे असते. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने ती तपासून पाहिली. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 27 प्राध्यापक होते. एका गटाने अगदी निकड असल्याशिवाय लिहायचं नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचं, तिसऱ्याने ठरल्या दिवशी लिहायचंच. ते चुकवलं तर नावडत्या संस्थेला देणगी. पानं तिसऱ्या गटाची सर्वांत जास्त झाली, यात नवल नाही. नवल हे की नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या, साधारण रोज एक. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांत एक. प्रयोग लहान आहे, आणि प्राध्यापकी लेखन म्हणजे कादंबरी नव्हे, हे मान्य. तरी "सुचलं की लिहीन" म्हणणाऱ्यांनी निदान एवढं ध्यानात घ्यावं की सुचणं बऱ्याचदा लिहिण्याच्या मागून चालत येतं.

"21 दिवस रोज लिहा, सवय लागेल."

हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि 1960 मध्ये त्यांनी ते लिहिलं. पुढे तोंडातोंडी त्यातला "किमान" गेला, रुग्ण गेले, चेहराही गेला. उरला नुसता आकडा.

सवयीवरचं प्रत्यक्ष मोजमाप फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलं, ते 2010 मध्ये छापून आलं. 96 जणांनी 12 आठवडे रोज एक नवी गोष्ट करायची होती, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा संध्याकाळी धावणं अशी. ती आपसूक घडायला लागेपर्यंत मध्यम कालावधी निघाला 66 दिवस. माणसामाणसांतला फरक मात्र 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत, आणि वरचा आकडा तर अभ्यासाच्या मुदतीपलीकडचा, अंदाजाने काढलेला. त्याच अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही, की मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. बाविसाव्या दिवशीही लिहिणं जड गेलं आणि "माझ्यातच काहीतरी कमी आहे" म्हणून ज्यांनी वही मिटली, त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आणि सवय लागून लागून कशाची लागेल? खुर्चीत बसण्याची. तिथवर ती पोचवते आणि तेही थोडं नाही. पण पुढचा परिच्छेद काय असावा, हे कुठलीही सवय ठरवून देत नाही. फळ खाताना रोज नवा निर्णय घ्यावा लागत नाही. लिहिताना दर ओळीला घ्यावा लागतो.

"आजच सगळ्यांना सांगून टाका."

याबद्दल थोडक्यात. पीटर गॉलविट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर आणि इतरांवर काही प्रयोग केले. आपल्याला कोण व्हायचंय याच्याशी जोडलेला संकल्प दुसऱ्याने ऐकून घेतला, त्याची नोंद घेतली, की तो संकल्प पुरा करण्यासाठीचे कष्ट कमी झालेले दिसले. "लेखिका" म्हणून अभिनंदन आधीच पदरात पडतं आणि मनाला काम थोडं झाल्यासारखं वाटतं. ते चारशे जणांना जाहीर करण्यापेक्षा एका माणसाला सांगा, जो महिनाअखेरीला खरोखर पानं मागेल आणि मिळाली की वाचेल.

"अडलात, तर समजा ते पुस्तक तुमचं नव्हतंच."

या वाक्याचा मला खरा राग आहे.

डार्विन यांनी 1844 मध्ये आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांताचा सुमारे 230 पानी मसुदा तयार केला आणि पत्नीसाठी पत्र लिहून ठेवलं की माझं काही बरंवाईट झालं तर 400 पौंड बाजूला काढून हे छापून घे. त्यानंतर त्यांनी आठ वर्षं घालवली ती समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नकल या जिवांच्या अभ्यासात. 1856 मध्ये सिद्धांतावरचा मोठा ग्रंथ सुरू केला, तोही पूर्ण झाला नाही. 1858 च्या जूनमध्ये वॉलेस या दुसऱ्या निसर्गशास्त्रज्ञाचं टपाल आलं, त्यात तीच कल्पना होती. मग डार्विननी अवाढव्य ग्रंथ बाजूला ठेवला, त्याचा सारांश म्हणून एक आटोपशीर पुस्तक लिहायला घेतलं, आणि 24 नोव्हेंबर 1859 ला ते प्रसिद्ध झालं. पंधरा वर्षं रखडलेलं ते पुस्तक त्यांचं नव्हतं?

वॉलेसच्या टपालाने घाई झाली, हे तर सगळेच सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. पुस्तक पूर्ण झालं ते त्याचा आकार बदलल्यावर. अडलेलं पुस्तक पुष्कळदा आपण ठरवलेल्या मापात मावत नसतं, किंवा त्या मापाला पुरत नसतं.

माझंही असंच झालं होतं. शिवणकामाच्या इतिहासावर मी पुस्तक लिहीत होते आणि सातवं प्रकरण, शिलाई यंत्राचं, चौदा महिने जागचं हललं नाही. फाइल उघडायची, एलायस हाउ यांच्या 1846 च्या पेटंटचा परिच्छेद वाचायचा, एक स्वल्पविराम हलवायचा, फाइल बंद करायची. या चौदा महिन्यांत मी प्रेरणेबद्दल वाचलं तेवढं कशाबद्दलच वाचलं नसेल. अखेर एका दुपारी लिहिण्याचा नाद सोडला आणि पहिल्या पानापासून नुसतं वाचत गेले, हातात पेन न घेता. तेव्हा दिसलं की पॅरिसमधल्या तिमोनिए यांच्या कारखान्याची हकीकत मी चौथ्या प्रकरणातच खर्चून टाकली होती. 1831 च्या सुमारास, पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने तिथली यंत्रं फोडली. यंत्र आलं तेव्हा हातांचं काय झालं, हा सातव्या प्रकरणाचा प्रश्नच मी आधी विचारून मोकळी झाले होते. उरली होती पेटंटांची जंत्री, आणि जंत्री लिहायचा मला कंटाळा येत होता. योग्यच होता तो कंटाळा. ती हकीकत उचलून सातव्यात आणली आणि प्रकरण नऊ दिवसांत झालं.

तेव्हापासून लिहायची इच्छा मावळली की मी स्वतःला दोष देण्याआधी हस्तलिखिताला प्रश्न विचारते. इथे मला काय माहीत नाही? कोणतं पात्र, कोणता पुरावा, कोणती तारीख मी टाळतेय? हे आधीच कुठे सांगून झालंय का? दर वेळी उत्तर पुस्तकातच सापडतं असं नाही. कधी माणूस खरोखर थकलेला असतो, आजारी असतो, दुःखात असतो, आणि तेव्हा विश्रांतीच हवी असते. पण उत्तर पुस्तकात सापडतं त्या वेळा मला वाटल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त निघाल्या.

काही पुस्तकं सोडून द्यावी लागतात, हेही खरं. विषय बदलतो, आपण बदलतो. मात्र तो निर्णय लिहिलेली पानं सलग वाचून घ्यावा. एका वाईट महिन्यावरून किंवा कुणीतरी पुढे ढकललेल्या मजकुरावरून घेऊ नये.

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. तिच्याकडे गेले, आणि तिच्या प्रत्येक प्रकरणासाठी एक कार्ड, कार्डावर एकच ओळ: या प्रकरणात काय बदलतं? पहिल्याची ओळ लगेच लिहून झाली, दुसऱ्याचीही. तिसऱ्याचं कार्ड हातात धरून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काहीच बदलत नाही गं. मला त्या आजीबद्दल लिहायला आवडत होतं, म्हणून लिहीत गेले." कार्ड तसंच कोरं ठेवून आम्ही पुढच्याकडे वळलो.

परवा तिचा निरोप आला: "तिसऱ्यातली अकरा पानं काढली. आजी आता पाचव्यात येते. आज 300 शब्द झाले."