किसान रेल म्हणजे धावता फ्रिज नव्हे

किसान रेल म्हणजे शेतमाल नेणारी खास रेल्वेगाडी. तिच्याबद्दल शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "किसान रेलचे सगळे डबे एसी होते. एसी डब्यात शेतातून थेट माल भरा, आपोआप गार होतो. शून्य डिग्री ठेवली की कुठलंही फळ टिकतं. मशीन बंद पडलंच तर बर्फाच्या लाद्या ठेवा."

"सगळे डबे एसी": या गैरसमजाचं मूळ 2020 च्या अर्थसंकल्पात आहे. घोषणेत शीतडबे होते. 7 ऑगस्ट 2020 ला नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघालेली पहिली गाडी मात्र साध्या पार्सल व्हॅनची होती. सुमारे 32 तासांच्या त्या वाटेवर भिस्त वेळेवर होती, गारव्यावर नव्हे.

"आपोआप गार होतो": माल सडतो तो याच समजुतीपायी. रीफर मशीन, म्हणजे शीतडब्याचं गारवा करणारं यंत्र, गार माल गार ठेवतं. तापलेल्या मालाचं तापमान उतरवणं त्याचं काम नाही. हिशेबच मांडू. 12 टन द्राक्षं 30 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 360 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता काढावी लागते. 10 किलोवॅट शीतनक्षमतेचं मशीन क्षणभर न थांबता चाललं तरी 36 तास गेले, आणि यात फळांच्या श्वसनाची उष्णता किंवा बाहेरचं ऊन धरलेलंच नाही. म्हणून आधी पॅकहाउसमध्ये (माल निवडून पेट्यांत भरतात तिथे) प्रीकूलिंग: पेट्यांच्या भोकांतून पंख्याने गार हवा ओढायची, साधारण 6 ते 8 तास. भरताना प्रोब थर्मामीटर (टोकदार सळईचा) द्राक्षाच्या मण्यात खुपसून बघा, कारण पॅनेलवरचा आकडा हवेचा असतो. रीफर कंटेनरमध्ये गार हवा तळाच्या खाचांतून वर चढते आणि छताखालून परतते. पेट्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या, म्हणजे माल रचायच्या मर्यादेच्या, वर रचल्या की ती वाट बुजली.

"शून्यावर सगळं टिकतं": केळी 13 अंशांखाली गेली की साल करडी पडते, पुढे धड पिकतही नाहीत. द्राक्षांना शून्याजवळ 90-95 टक्के आर्द्रता लागते, तर कांद्याला 65-70 पुरे. तिन्ही एका डब्यात भरणाऱ्याने कुणाचं नुकसान करायचं ते आधीच ठरवावं.

बर्फाची कल्पना मात्र अगदीच खुळी नाही. यांत्रिक डबे रुळण्याआधी अमेरिकेत फळं बर्फावरच जात. पण तिथे डब्याच्या दोन्ही टोकांच्या बंकरांत (बर्फाच्या कप्प्यांत) मिळून साडेचार-पाच टन बर्फ असे आणि वाटेत तो पुन्हा भरत. 200 किलो लाद्या म्हणजे वरच्या मशीनचं जेमतेम दोन तासांचं काम, शिवाय पाण्याने पुठ्ठा भिजून खालच्या पेट्या बसतात. मशीन थांबलं तर दार उघडून बघू नका. दुरुस्तीवाला येईपर्यंत आतला गारवा तेवढाच आहे.